चहाडखोर हंसराज

गगनबावड्याच्या आसपासच्या गावांतून सोयरीक जुळवताना पूर्वी चार गोष्टी बघत: रान किती, भाऊ किती, कूळ कोणतं आणि घरात कुणाला फिटबीट येते का. पहिल्या तिन्ही गोष्टी माणसं फुगवून सांगत आणि चौथी दाबून ठेवत. आता फुगवायचीही सोय उरली नव्हती, दाबायचीही. आता कुंडी ठेवत.

कुंडी ठेवणं म्हणजे तसं साधं काम. मुलाकडच्यांनी हंसराजाची एक कुंडी मुलीच्या घरी आणून बैठकीच्या खोलीत ठेवायची. हंसराज हा नेच्यांतला सगळ्यांत नाजूक. तारेसारखा काळा देठ, त्यावर कोथिंबिरीसारखी झुलती पानं. पंधरा दिवस घरातल्या सगळ्यांनी त्याच खोलीत उठायचं-बसायचं. सोळाव्या दिवशी पानं हिरवी असली तर याद्या करायच्या. पानांच्या कडा घासलेल्या तांब्यासारख्या लाल झाल्या तर ‘पत्रिका जुळत नाही’ असा निरोप धाडायचा. पत्रिका कुणी उघडलेलीसुद्धा नसे.

या कुंड्या वाढवायची संयोगिता गवंडी. वय बावन्न, नवरा आठ वर्षांमागे गेलेला, घरात ऐंशीची सासू आणि सव्वीस वर्षांची लेक अन्विता. घाटाच्या तोंडाशी तिची नर्सरी. वर्षातले सात महिने ढग शेडनेटच्या आतच मुक्कामाला असत. माणूस दारात येऊन चपला काढेपर्यंत तो काय मागायला आलाय, काय लपवतोय आणि किती वेळात रडेल, हे संयोगिताच्या मनात मांडून झालेलं असे. बहुतेक वेळा ते बरोबर निघे, आणि त्याचा तिला झाडांपेक्षा जास्त अभिमान होता.

कंपवाताचं एक आहे. हात थरथरायला लागण्याच्या कितीतरी आधी, कधी तीन वर्षं तर कधी बारा, माणसाच्या कातडीवरचं तेल बदलतं. त्याला मेणचट असा एक बारीक वास येतो. तो आपल्या नाकाला कळत नाही आणि डॉक्टरांच्या यंत्रालाही त्या वेळी काही दिसत नाही. नेच्याचंही एक आहे. त्याला फूल नाही, बी नाही. पानाच्या पाठीवरची तपकिरी भुकटी म्हणजे त्याचे बीजाणू. ते ओलीत पडले की नखाएवढ्या हिरव्या चकत्या उगवतात, आणि या चकत्या एकमेकींचा वास घेतात. जी आधी मोठी होते ती मादी होते आणि एक रसायन सोडते. त्या वासानं मागं राहिलेल्या धाकट्या मुकाट नर होतात. थोरलीनं वाढायचं आणि बाकीच्यांनी तिच्या सोयीचं व्हायचं. “आमच्या सासूबाईंनी ह्यांच्याकडंच शिकवणी लावली होती,” असं संयोगिता गिऱ्हाइकांना हसत सांगायची.

शास्त्रज्ञांना नाक तयार मिळालं होतं. त्यांनी फक्त त्यातलं कुलूप बदललं. पूर्वी थोरल्या चकतीच्या रसायनाची किल्ली बसायची, आता कंपवाताच्या तेलाची बसते. आणि किल्ली फिरली की पानात लाल रंग धरायला लागतो. धुळीवर बसून हवेतून येणारं तेल पुरेसं साठायला आठ-दहा दिवस जातात, म्हणून पंधरवडा. झाड काढणाऱ्या कंपनीनं त्याचं नाव ‘आरोग्यसखा’ ठेवलं होतं, दवाखान्यांसाठी. लोकांनी ‘चहाडखोर’ ठेवलं. दवाखान्यांनी वर्षाला दहा-बारा कुंड्या नेल्या. बाकीच्या सगळ्या सोयरिकींनी नेल्या.

कंपनी बीजाणू देई आणि जागवणीचं पाणी देई. कुंडी नर्सरीतून निघताना ते पाणी शिंपडलं की झाडाचं नाक उघडायचं. तोवर ते साधं झाड. सोबत साठ पानांचं एक माहितीपुस्तकही येई. जागवलेल्या झाडाला उघड्या हातानं शिवू नये, असं त्यात ठळक लिहिलेलं होतं. संयोगिता ते वाचून हसली होती. “हातमोजे घालून भाकरी थापून दाखवा म्हणावं त्या साहेबाला.” नेचा वाढवणाऱ्यांची रीतच आहे, की वाळलं पान कात्रीनं कापायचं नाही, दोन नखांच्या चिमटीत धरून बुडाशी खुडायचं. हंसराजाला लोखंड सोसत नाही म्हणतात. आणि कुंडी एकदा गेली की विसरायची, अशी ती नव्हती. कुरिअरनं पुण्या-बेळगावला गेलेल्या कुंड्यांचं नशीब त्यांच्याबरोबर. पण जवळपासच्या घरांत ती स्वतः पाहणीला जायची, पंधरवड्यात तीनदा. वाळलेलं खुडायची, झाड झटकून मोकळं करायची, आणि कोणत्या घरात काय चाललंय ते बघून यायची.

गेल्या दोन वर्षांत तिच्या कुंड्या फार तांबड्या व्हायला लागल्या होत्या. आपली झाडंच तशी तिखट, असं तिला वाटलं. कंपनीलाही तसंच वाटलं. कंपनीनं तिला संगोपनाची ढाल दिली.

*

राधानगरीच्या काशिनाथ मुळीकांची कुंडी उचलायला ती गेली, तेव्हा कडा नुसत्या तांबड्या नव्हत्या, पेटल्या होत्या. मुळीक हे शाळेतले ड्रॉइंगचे मास्तर. बायको, एक मुलगी आणि ते स्वतः. मुलीचं लग्न ठरल्यात जमा होतं.

“आमच्यातल्या कुणाला, ते सांगत नाही व्हय हे?” मास्तरांच्या बायकोनं विचारलं.

“घर सांगतं, वहिनी. माणूस सांगत नाही.”

बायकोनं नवऱ्याच्या हाताकडं पाहिलं. मास्तरांनी हात पाठीमागं घेतला. एवढ्यावर त्या घरातला निकाल लागला.

“मागच्या गणपतीला रंगवताना ब्रश हलला होता तुमचा,” बायको म्हणाली. “मी बघितलंय.”

“अगं, डास चावला होता!”

“चाळीस वर्षांत कधी चावला नाही तो?”

मास्तर संयोगिताकडं वळले. “ताई, डॉक्टर म्हणतात काही नाही. झाड चुकत असंल की. एखाद्या वेळेला?”

“मास्तर,” संयोगिता कुंडी पिशवीत घालत म्हणाली, “माणसं खोटं बोलतात. झाडाला काय पडलंय?”

पुढच्या महिन्यात मास्तर मागच्या अंगणातल्या खोलीत राहायला गेल्याचं तिच्या कानावर आलं. जेवण दारात ठेवतात म्हणे, जसा काही तो रोग ताटावरून चढतो. संयोगिता ‘अरेरे’ म्हणाली, आणि पाहणीच्या वहीत मुळीकांच्या नावापुढं ‘तांबडी’ असं लिहून मोकळी झाली.

*

मग तिच्याच दारात सरनोबत आले. कोल्हापूरचं घर. मुलगा वेदांत, त्यानं आणि अन्वितानं आधीच सगळं ठरवलेलं होतं, स्थळ येणं ही थोरल्यांच्या समाधानासाठी मांडलेली पंगत. आई प्रियांका, मान उंच आणि आवाज बारीक. वडील धैर्यशील, इंजिनीअर म्हणून निवृत्त झालेले, हसरे, खुर्ची मिळाली नसती तर पायरीवरही बसले असते असे.

“तुम्हाला काय सांगायचं, ताई,” प्रियांका म्हणाली, “तुमचाच धंदा. पण कुंडी आम्ही सांगलीहून आणू. तुमची नको. म्हणजे गैरसमज नकोत ना. दिवाळी झाली की ठेवू.”

“घरच्या म्हशीचं दूध सोडून बाहेरचं?” सासू, मालनबाई, आतून म्हणाल्या. सगळे हसले. प्रियांका हसली नाही.

दिवाळीला दोन महिने होते. पेपर फुटलेला असताना अभ्यास न करणारी बाई संयोगिता नव्हे. त्याच संध्याकाळी तिनं स्वतःची एक कुंडी जागवून बैठकीच्या खोलीत ठेवली. नवव्या दिवशी सकाळी कडांना रंग आला.

ती आणि अन्विता कुंडीपुढं उभ्या राहिल्या. मग दोघींनीही, एकमेकींना न विचारता, आतल्या खोलीच्या दाराकडं पाहिलं. तिथं मालनबाई लसूण सोलत होत्या. ऐंशी वर्षांच्या हातातून पाकळी सुटून घरंगळत गेली.

“आत्ती,” संयोगिता गोड आवाजात म्हणाली, “चार दिवस नर्सरीवरच्या खोलीत राहता का? तिथं हवा मोकळी आहे.”

“पावसात?”

“पाऊस काय, तो इथंही आहे.”

मालनबाईंनी कुंडीकडं पाहिलं, सुनेकडं पाहिलं. “लग्न तुझ्या लेकीचं, विटाळ माझा,” म्हणाल्या, आणि स्वतःच पिशवी भरायला लागल्या. त्या खोलीत खताची पोती होती. खाट लावायला दोन पोती हलवावी लागली, तीही अन्वितानंच हलवली.

फरशी पुसली, अंथरुणं धुतली, नवी कुंडी जागवली. आठव्या दिवशी तीही लाल.

म्हणजे म्हातारीचं काही नव्हतं. आता घरात दोघीच होत्या. त्या दिवशी दोघींनीही जेवताना एकमेकींच्या हाताकडं बघायचं टाळलं, आणि दोघींच्याही ते लक्षात आलं.

“दोन कुंड्या कर,” अन्विता म्हणाली. ती नर्सरीच्या ऑर्डरी बघायची, तिचं डोकं कोष्टकासारखं चाले. “एक वर माझ्या खोलीत, एक खाली तुझ्या. मी खाली येणार नाही, तू वर यायचं नाही. स्वयंपाक वेगळा.”

“एवढं कशाला, बाळा?”

“मग काय अंदाजानं ठरवायचं? मास्तरांच्या घरी ठरवलं तसं?”

सहा दिवस एका घरात दोन बिऱ्हाडं झाली. संयोगिताची कुंडी लाल झाली. तिला बरं वाटलं, हे सांगितलं पाहिजे. आपल्याला आहे म्हणजे लेकीला नाही, असा साधा जमाखर्च तिनं मांडला आणि रडण्याचा विचार पुढं ढकलला. एवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. अन्विता कुंडी घेऊन खाली आली.

तीही लाल होती.

अन्विता रडली नाही. टेबलावर कुंडी ठेवून म्हणाली, “मी वेदांतला आज सांगते. मी नाही म्हणते म्हणून सांगते. कुंडी यायच्या आत.”

“थांब.”

“कशाला थांबू? दोघींना आहे. आईकडून आलं असेल.” हे शेवटचं वाक्य तिनं अगदी सरळ म्हटलं, हवामान सांगावं तसं. संयोगिताला ते जिव्हारी लागलं.

ती कुंडीकडं बघत राहिली. माणसं बघायची सवय असलेली बाई झाडही तशीच बघते. लाल रंग सगळ्या पानांना सारखा नव्हता. मधल्या झुबक्यातली तीन पानं भडक, बाजूची साधी हिरवी. आणि मधल्या झुबक्यातच, बुडाशी, दोन देठ नखानं खुडलेले.

अन्विता अंघोळीला गेली की ती रोज चोरून वर जात होती. बघायला. आणि बघता बघता वाळलेलं पान दिसलं, की हात आपोआप जात होता. तीस वर्षांचा हात.

तिनं पाहणीची वही काढली. आधी उभ्या उभ्या चाळली, मग बसून, मग बोट लावून. कुरिअरनं गेलेल्या कुंड्या: दोन वर्षांत एकशे बावीस, तांबड्या दोन. ती स्वतः पाहणीला गेलेल्या कुंड्या: एक्केचाळीस, तांबड्या सतरा. तीच झाडं, तेच बीजाणू, तेच पाणी.

“काय झालं?” अन्वितानं विचारलं.

संयोगितानं दोन्ही तळवे टेबलावर उताणे ठेवले. “सतरा घरं,” ती म्हणाली. “माझ्या हातानं.”

अन्विताला कळायला अर्धा मिनिट लागलं. आधी तिच्या चेहऱ्यावर सुटका आली. ती तिला लपवता आली नाही, तिनं लपवायचा फारसा प्रयत्नही केला नाही. मग ती खुर्ची ओढून आईजवळ बसली. “खात्री करू,” म्हणाली. नवी कुंडी वरच्या खोलीत ठेवून ती तिथंच राहिली, बाहेर पडताना खोलीला कुलूप, किल्ली कमरेला. चौदा दिवसांनी कुंडी खाली आणली. जशीच्या तशी हिरवी.

“मास्तरांना सांगायला पाहिजे,” संयोगिता म्हणाली.

“काय सांगणार?”

“की त्यांना काही नाही. सगळ्या सतरांना.”

“आणि मग?” अन्वितानं बोटं मोडायला सुरुवात केली. “नर्सरी जाईल, ते जाऊ दे. तुला आहे हे गावभर होईल. ‘हिच्या आईला आहे’ म्हणून सरनोबत उठून जातील. मास्तरांच्या मुलीचं स्थळ तर दुसरीकडं लागूनही गेलं, ते काय परत येणार आहे? त्यांचं व्हायचं ते झालं, आई. माझं अजून व्हायचंय.”

 बाहेरच्या माणसाला संयोगितानं दहा उत्तरं दिली असती. पोटच्या पोरीला तिचीच अक्कल मिळाली होती, व्याजासकट. तिच्यापुढं काय चालणार?

*

दिवाळीनंतर सांगलीची कुंडी आली. घरातल्या सगळ्या माणसांनी पंधरा दिवस तिथंच राहायचं, ही अट. संयोगितानं हात जोडले.

“प्रियांकाताई, मी दिवसभर याच झाडांत असते. उद्या कुणी म्हणायला नको, की नर्सरीवालीनं काही केलं. मी पंधरा दिवस नर्सरीवर राहते. लेक आणि सासू आहेत घरात. नवऱ्याच्या रक्ताची माणसं तीच, मी बाहेरून आलेली.”

प्रियांका पहिल्यांदाच तिच्याकडं जरा आदरानं पाहून म्हणाली, “असा प्रामाणिकपणा हल्ली दिसत नाही.”

त्यासाठी मालनबाईंना मोटारीनं घरी आणलं, न्हाऊ घातलं, बैठकीच्या खोलीत मऊ गादी दिली. “परवा विटाळ होते, आज दागिना झाले,” म्हातारी म्हणाली. “काय गं, झाडानं नाव बदलून सांगितलं का?”  पोत्यांच्या खोलीतल्या खाटेवर आता संयोगिता निजली. खाट सासूच्या मापानं मधे खोलगट झालेली होती.

सोळाव्या दिवशी प्रियांकानं चष्मा लावून प्रत्येक पान उलटंपालटं केलं. देठ मोजले, येताना छत्तीस होते, छत्तीसच भरले. “हिरवं आहे,” ती जरा नाराजीनंच म्हणाली. “चला, बरं झालं. एक सांगून ठेवते हं, ताई. लग्नानंतर अन्विताला नर्सरीबिर्सरीत यायला जमायचं नाही. आमच्याकडं मातीत हात घातलेली सून कुणी पाहिलेली नाही. आणि वेदांतनं बघा काय काय सोडलंय हिच्यासाठी. उपकारच म्हणायचे.”

“काय बोलतेस, प्रियांका!” धैर्यशील ओशाळले. मग एकदम उत्साहानं म्हणाले, “हे एकतर्फी झालं. आमचंही घर तपासलं पाहिजे. न्याय म्हणजे न्याय! ताई, तुमचीच कुंडी द्या. आणि पाहणीला तुम्हीच या. सगळा जिल्हा म्हणतो, गवंडीताईंसारखी पाहणी कुणाची नाही.”

भला माणूस होता. भल्या माणसांना आपण काय मागतोय हे बहुधा माहीत नसतं.

ते गेल्यावर संयोगिता म्हणाली, “हातमोजे घालून जाईन मी.”

अन्विता पेले गोळा करत होती. “उपकार म्हणाली ती,” असं म्हणाली. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली, “जन्मभर वरून बघणार माझ्याकडं. रोज.” आणि पेले घेऊन आत गेली. ‘हातमोजे घाल’ म्हणाली नाही, ‘घालू नकोस’ही म्हणाली नाही.

पहिल्या पाहणीला संयोगिता हातमोजे पर्समध्ये घेऊन गेली. धैर्यशीलनी स्वतः चहा करून आणला. आपण लहानपणी पन्हाळ्याच्या भिंतीत नेचे कसे शोधायचो ते सांगितलं. “ही पानं पाणी धरत नाहीत ना? थेंब नुसता घरंगळतो. केवढी गंमत!” तिला तो माणूस आवडला. तेवढ्यात प्रियांकानं आतून विचारलं, “ताई, पायपुसण्यावर पाय पुसलेत ना? माती असेल.”

संयोगितानं पर्स उघडलीच नाही. हंसराजात एक वाळकं पान होतं. तिनं ते दोन नखांच्या चिमटीत धरलं, बुडाशी. आयुष्यात असं पान तिनं हजारदा खुडलं असेल; पण ते खुडताना आपण खुडतोय, हे तिला पहिल्यांदाच नीट कळलं. मग तिनं बाजूची चांगली पानंही झटकून मोकळी केली, एकेक, सावकाश.

तिसऱ्या पाहणीला प्रियांका दारातच रडत उभी होती. मान पहिल्यांदाच खाली होती.

“आता तुम्हीच सांभाळून घ्या, विहीणबाई. बाहेर बोलू नका. लग्न मोडू नका.”

“लग्न मोडणाऱ्यांतले आम्ही नव्हे,” संयोगिता म्हणाली. “पण अन्विता नर्सरीत येत राहील.”

“येऊ दे की! रोज येऊ दे.”

*

लग्न थाटात झालं. सरनोबतांच्या घरात अन्विताचा शब्द पहिल्या दिवसापासून शेवटचा ठरला. रोग कुणाच्या घरात, हे तांबड्या पानांनी ठरवून टाकलं होतं. फक्त माणूस कोण, तेवढं ठरवायचं होतं. ते धैर्यशीलनी स्वतःच ठरवलं. “प्रियांका धडधाकट आहे, वेदांत तरणा आहे. मीच असणार.” रोज सकाळी ते काठोकाठ भरलेला कप हातात धरून खिडकीपाशी उभे राहायचे, थेंब सांडतो का बघायला. सांडायचा नाही. तरी त्यांनी गाडी चालवणं सोडलं. मोठी खोली मुलाला दिली आणि जिन्याखालच्या खोलीत गेले. नातवंड झालं तर आपण उचलून घ्यायचं नाही, असं त्यांनी आत्ताच सांगून ठेवलं.

वर्षभरानं अन्विताचा फोन आला.

“आई, झाड हिरवं व्हायला लागलंय.”

“कोणतं?”

“इथलं. आम्ही ठेवलंय ना अजून, बाबांवर लक्ष राहावं म्हणून. नवी पानं सगळी हिरवी येतायत. आईंनी काल बघितलं. डॉक्टरांना विचारूया म्हणत होत्या.” लेकीचा आवाज अगदी रोजचा होता. “तू फार दिवसांत आली नाहीस. दर रविवारी येत जा ना. मी गाडी पाठवते.”

संयोगितानं फोन दुसऱ्या कानाला धरला.

“येशील ना, आई?”

दर रविवारी दारात मोटार उभी राहायला लागली. शेजारपाजारच्या बायका म्हणत, लेक असावी तर अशी. लग्न होऊन गेली तरी आईवाचून करमत नाही तिला. मालनबाई हे ऐकून हसत.

पाचव्या रविवारी धैर्यशीलच दार उघडायला आले. घरात दुसरं कुणी नव्हतं. त्यांनी जिन्याखालच्या आपल्या खोलीतून कुंडी उचलून आणली आणि तिच्यापुढं टेबलावर ठेवली. “ताई, मध्ये हिरवं दिसलं होतं हो. मला उगीच आशा वाटली. आता पुन्हा कडा धरल्यात. तुम्ही येता म्हणून निदान खरं काय ते कळतं.”

एक पान वाळलं होतं. संयोगितानं हात पुढं केला. चिमूट देठापर्यंत गेली आणि हुकली. पुन्हा गेली, पुन्हा हुकली. अंगठा आणि तर्जनी तिचं ऐकेनात. पानांना वारा लागावा तशी ती बारीक थरथरत राहिली.

“दमलात तुम्ही, घाटाचा प्रवास,” धैर्यशील म्हणाले. “थांबा.”

त्यांनी एका हातानं कुंडी धरली. दुसऱ्या हातानं तिचं मनगट खालून अलगद उचललं आणि देठापाशी नेऊन ठेवलं. त्यांचा हात खांबासारखा स्थिर होता.

“हं,” ते म्हणाले. “आता खुडा.”

तिनं खुडलं.